आजाराशी झुंजणाऱ्या तरुण कुटुंबासाठी मदत उभी करताना: वर्गणीपेक्षा भिशी बरी

कराडमधील आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा तिचे वडील ३१ वर्षांचे, आई २८ वर्षांची आणि धाकटा भाऊ ८ महिन्यांचा होता. वडिलांचा मोबाइल दुरुस्तीचा भाड्याचा गाळा, त्यावरचे कर्ज आणि गावाकडे थकलेले आजी-आजोबा, असा सगळा संसार. पहिल्याच आठवड्यात सोसायटीने दणक्यात वर्गणी गोळा केली, रविवारी रक्तदान शिबिर घेतले आणि जो भेटेल तो त्या आईला “काही लागलं तर सांगा हं” असे म्हणून गेला. सहा आठवड्यांनी, म्हणजे खरी ओढाताण सुरू झाली तेव्हा, वर्गणी आटत आली होती, रक्तदाते मोकळे नव्हते आणि त्या आईने कोणालाही काहीच सांगितलेले नव्हते. त्यानंतर आम्ही सगळी मांडणी नव्याने केली. ती कशी केली आणि आज पुन्हा वेळ आली तर कशी करू, ते येथे लिहीत आहे. आजार दुसरा असेल, गाव दुसरे असेल, तर तपशील बदलतील, पण कामाची जात तीच राहील.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने रुग्णालयाच्या आसपासच राहावे लागते आणि त्यानंतर घरी गोळ्या, रक्ताच्या तपासण्या आणि ठरावीक दिवसांच्या फेऱ्या सुरू राहतात. हा कालावधी मदत करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगून टाकावा. वर्गणी ही दहा दिवसांच्या गणपतीसाठी ठीक असते. येथे भिशी हवी: ठरलेली माणसे, परवडेल एवढाच पण न चुकणारा हप्ता आणि ठरलेली पाळी. आम्ही पहिल्या आठवड्यात एकेका घराकडून ५,००० रुपये घेतले होते. नव्या मांडणीत त्याऐवजी दरमहा ३०० रुपये ठरवले, ते कोणाला जड गेले नाहीत आणि दुसऱ्या वर्षीही पैसा येत राहिला.

एकच माणूस, एकच फोन

सुरुवातीला कुटुंबाशी बोलण्यासाठी एकच व्यक्ती नेमावी. ती शक्यतो जवळची नातेवाईक नसावी, कारण नातेवाईक स्वतःच हादरलेले असतात आणि त्यांच्याकडून नकार ऐकणे किंवा पैशाचा विषय काढणे कुटुंबाला अवघड जाते. आमच्याकडे हे काम निवृत्त पोस्टमास्तर असलेल्या एका काकांनी केले. रोज रात्री साडेआठला ते मुलीच्या वडिलांना एकच फोन करीत आणि आलेली माहिती दोन ओळींत सोसायटीच्या गटावर टाकीत. त्यामुळे दिवसभरात त्या बापाला येणारे तीस-चाळीस फोन बंद झाले. प्रत्येकाला पहिल्यापासून तीच कथा सांगणे म्हणजे काय असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही.

या व्यक्तीने पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आजाराबद्दल लोकांना किती सांगायचे, मुलीचा फोटो कोठे वापरायचा किंवा नाही, आणि कोणती मदत मुळीच नको. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आमच्या या कुटुंबाला पैसे चालणार होते, पण घरी येऊन स्वयंपाकघरात शिरणारी माणसे नको होती. ते आधी विचारले नसते, तर आम्ही प्रेमापोटी त्यांना छळलेच असते.

“काही लागलं तर सांगा” हे वाक्य मात्र सर्वांनी मिळून बंद करावे. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण मागण्याचे ओझे ते त्या घरावरच टाकते. त्याऐवजी नेमके बोलावे: “मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी धाकट्याला मी नेते, पाचला आणून सोडते.” यावर आईला फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. आमच्या अनुभवात ती दहातल्या आठ वेळा हो म्हणाली.

आधी योजना, मग आपला पैसा

येथे आमची सर्वांत महागडी चूक झाली. पहिल्या दोन आठवड्यांत एका खासगी रुग्णालयात तपासण्या आणि औषधे यांवर वर्गणीतील मोठा भाग खर्च झाला, आणि त्यातील बराचसा खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसला असता हे आम्हाला नंतर कळले. अशा योजना रोकडरहित असतात. आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि खिशातून भरलेला पैसा मागाहून परत मिळेल असे धरून चालता येत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता महाराष्ट्रात एकत्रित राबवल्या जातात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कर्करोगाचे अनेक उपचार त्यात येतात. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो आणि दाखल होण्याआधी त्याच्याकडे जाणे ही पहिली पायरी आहे. तरुण कुटुंबांची अडचण बहुतेक वेळा येथेच येते: लग्नानंतर शिधापत्रिका वेगळी झालेली नसते, बाळाचे नाव चढवलेले नसते, आधारवरचे आणि जन्मदाखल्यावरचे नाव जुळत नाही. ही कामे आईबापांनी रुग्णालयातून उठून करणे शक्य नसते. म्हणून तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात खेटे घालू शकेल असा एक माणूस पहिल्याच दिवशी या कामाला जोडावा आणि त्याच्याकडे शिधापत्रिका, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, निदानाचा अहवाल आणि रुग्णालयाच्या शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक यांच्या प्रत्येकी दहा प्रती द्याव्यात. दहा हा आकडा अतिशयोक्ती वाटेल, पण आमच्या दहाही संपल्या.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी आणखी काही दारे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. खिडकीवर ही गोष्ट कोणी आपणहून सांगेल असे धरून चालू नये. मागणी लेखी करावी आणि गरज पडली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी बोलावे. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांची मदत थेट रुग्णालयाकडे जाते, म्हणून तेथील अर्जही उपचाराचा मोठा टप्पा सुरू होण्याआधीच करावेत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी वैद्यकीय समाजसेवकांचा स्वतंत्र विभाग असतो आणि कोणत्या मुलाला कोणता निधी लागू पडेल हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगले कळते. आमच्या काकांनी एकदा मुंबईला जाऊन त्यांच्याशी अर्धा तास बोलणे केले, आणि त्या अर्ध्या तासाने जेवढे काम झाले तेवढे आमच्या महिनाभराच्या चर्चांनी झाले नव्हते.

मग समाजाचा पैसा कशासाठी? ज्याचे बिल कोणतीही योजना देत नाही त्यासाठी: प्रवास, मुंबईतील राहणे, दूध, रिक्षा, बाहेरून कराव्या लागणाऱ्या तपासण्या, गाळ्याचे भाडे आणि बुडालेली कमाई. हा खर्च लहान लहान असतो, रोजचा असतो आणि घर मोडते ते त्यानेच.

राहण्याची सोय आधी पाहावी. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षे कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना आईबापांसह मोफत ठेवून घेणारी सेंट ज्यूडची केंद्रे आहेत, आणि तेथे जागेसाठी रुग्णालयामार्फतच जावे लागते. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीचे भाडे पडत नाही आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जावे लागते. हे कळेपर्यंत आम्ही चार फेऱ्या भाड्याच्या गाडीने केल्या होत्या. पाचव्या फेरीपासून ते महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाऊ लागले.

हिशेबाची वही

पैसा गोळा करण्याआधी तो कोणाच्या नावाने गोळा करायचा हे ठरवावे. एकाच्या खात्यावर सगळे येऊ देणे सोपे असते आणि भांडण तेथेच सुरू होते. दोघांच्या सहीने चालणारे वेगळे खाते उघडावे. मोठी रक्कम शक्य तेथे रुग्णालयातील रुग्णाच्या खात्यात थेट भरावी आणि पावती जपावी. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५० हजार रुपयांच्या वर गेली, तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते, म्हणून रक्कम वाढू लागली की एखाद्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. देणगीदारांनाही आधीच सांगावे की एखाद्या व्यक्तीला दिलेल्या पैशावर, लोक ज्याला ‘८०जी’ म्हणतात, ती आयकर सवलत मिळत नाही. ती हवी असेल त्याने नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यावे.

क्यूआर कोड एकच असावा आणि तो बदलणार नाही असे पहिल्याच निरोपात लिहावे, कारण असे निरोप पुढे जाताना मधेच दुसऱ्याचा कोड चिकटण्याचे प्रकार घडतात. मिलाप, केटो यांसारख्या संकेतस्थळांवर आवाहन करायचे असेल, तर ते किती शुल्क घेतात आणि देणाऱ्याकडून वर ‘टिप’ म्हणून काय मागतात, हे आधी वाचावे. मला स्वतःला असे वाटते की ओळखीच्या माणसांचे वर्तुळ दोनतीनशे घरांचे असेल, तर आधी तेच पुरते का ते पाहावे. मुलाचा नळ्या लावलेला फोटो अनोळखी लोकांपर्यंत गेला की तो परत घेता येत नाही, आणि ते मूल उद्या दहावीत जाणार असते.

आमची हिशेबाची वही साधी, दोनशे पानी. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च आणि दर महिन्याच्या पाच तारखेला दोन्ही पानांचा फोटो गटावर. एका महिन्यात ‘खेळणे, १८० रुपये’ अशी नोंद होती आणि त्यावर एका सदस्याने प्रश्न विचारला. काकांनी त्याला उत्तर दिले की कमरेतून सुई घालण्याच्या दिवशी ते खेळणे घेतले होते. त्यानंतर कोणी काही विचारले नाही, पण तेव्हापासून आम्ही दरमहा ५०० रुपयांपर्यंतचा ‘कुटुंबाच्या मर्जीचा खर्च’ असा एक रकाना ठेवला, ज्याचा तपशील कोणीही मागायचा नाही.

रक्त: शिबिर नको, यादी हवी

रक्तदान शिबिर हा आपल्याकडचा पहिला उत्साह असतो, आणि तो चांगला असला तरी अशा आजारात बहुधा चुकीच्या वेळी खर्च होतो. केमोथेरपी सुरू असलेल्या मुलाला वारंवार लागतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, आणि त्या काढल्यापासून फक्त ५ दिवस टिकतात. त्यामुळे एका रविवारी साठ जणांनी दिलेले रक्त महिन्याने लागणाऱ्या प्लेटलेट्सच्या कामी येत नाही. शिवाय पूर्ण रक्त दिल्यानंतर किमान २८ दिवस प्लेटलेट्स देता येत नाहीत, आणि पुन्हा रक्त देण्यासाठी पुरुषांना ९० तर स्त्रियांना १२० दिवस थांबावे लागते. आमचे साठच्या साठ दाते एकाच दिवशी असे अडकले.

तेव्हा यादी करावी. १८ ते ६० वयोगटातील, प्रकृतीने धडधाकट आणि ५० किलोपेक्षा अधिक वजनाच्या लोकांची नावे, रक्तगट, शेवटच्या रक्तदानाची तारीख आणि ‘फोन आल्यावर किती तासांत पोहोचू शकाल’ हा रकाना, एवढे पुरे. यंत्रावर एकाच दात्याकडून प्लेटलेट्स काढायला तास-दीड तास लागतो, शिरा चांगल्या असाव्या लागतात आणि आदल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. हे दात्याला फोनवरच सांगावे, नाहीतर तो अर्धा दिवस घालवून परत फिरतो. पुढेमागे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असेल, तर रक्ताच्या नात्यातील माणसांनी रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण तेच उद्या दाते ठरू शकतात.

आता अडचण अशी की मूल परळला आणि आमची यादी कराडला, मध्ये तीनशे किलोमीटर. येथे मदतीला आले ते गावाचे मुंबईकर मंडळ. साताऱ्याकडच्या कितीतरी गावांची मंडळे लालबाग-परळ भागात गिरण्यांच्या काळापासून आहेत आणि आज गिरण्या नसल्या तरी माणसे आहेत. मुलीच्या आजोळच्या गावाच्या मंडळाला एक फोन केला आणि दोन दिवसांत बावीस नावे मिळाली, त्यांतील चौदा जण रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणारे. आपल्या गावाचे असे मंडळ मुंबईत किंवा पुण्यात आहे का, हे मदतीच्या पहिल्याच दिवशी शोधावे.

डबा कसा द्यावा

याच मंडळातील तीन घरांनी पाळीपाळीने डबा दिला, आणि डब्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी खाली आल्या की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ देतील तोच नियम सर्वांत वर. साधारणपणे कोशिंबीर नाही, कच्ची चटणी नाही, बाहेरचे काही नाही, कापून ठेवलेली फळे नाहीत. जाड सालीचे केळे किंवा संत्रे धुऊन खाण्याच्या वेळीच सोलावे. वरणभात कुकरमधून काढून गरम असतानाच डब्यात भरायचा आणि डब्याच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवायची: ‘सकाळी १०.४०’. दुपारी दोननंतर तो डबा मुलीला द्यायचा नाही, मोठ्यांनी खायचा. ज्या घरात सर्दी-खोकला असेल त्या घराने त्या दिवशी डबा न देता तसा फोन करायचा आणि त्याचा कोणी राग मानायचा नाही.

स्टेरॉइडच्या दिवसांत मुलांना विलक्षण भूक लागते. ही मुलगी रात्री दोनला उठून बटाट्याची भाजी मागत असे. धर्मशाळेत रात्री दोनला भाजी कोठून आणणार? म्हणून संध्याकाळी ताजे उकडलेले, न सोललेले दोन बटाटे शीतपेटीत ठेवायचे आणि विजेच्या छोट्या शेगडीवर पाच मिनिटांत परतायचे, असे तिच्या आईने ठरवले. शेगडी मंडळाने दिली. मदत म्हणून इतक्या नेमक्या वस्तू द्याव्यात.

भेटायला जाणे ही मात्र मदत नाही. मोठी माणसे घोळक्याने जाऊन, फळांची पिशवी ठेवून, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून येतात. त्या हातानेच संसर्ग जातो. भेट घ्यायचीच असेल तर बापाला खाली चहाला बोलवावे.

मागे राहिलेले घर

मूल मुंबईला असते तेव्हा मागे गावात एक संसार तसाच चालू असतो. आमच्याकडे दोन मित्रांनी संध्याकाळी सहा ते आठ गाळा उघडा ठेवला. त्यांना दुरुस्ती येत नव्हती, पण मोबाइल घेऊन चिठ्ठी द्यायची, सुटे भाग विकायचे आणि किचकट काम शेजारच्या दुकानदाराकडून करून घ्यायचे, एवढ्यावर गिऱ्हाईक टिकले. बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल वेळेत बोलणे, हेही कोणीतरी सोबत जाऊन करावे. चार हप्ते थकल्यानंतर बोलण्यापेक्षा पहिला चुकण्याआधी बोलले की ऐकून घेतले जाते. वडील नोकरीत असतील तर भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी रक्कम काढता येते का आणि राज्य कामगार विमा लागू आहे का, हे कार्यालयात विचारून घ्यावे.

धाकटे भावंड हा सर्वांच्या नजरेतून सुटणारा विषय. आठ महिन्यांचे बाळ आईपासून दूर आजीकडे राहिले आणि या दुराव्याच्या चौथ्या महिन्यात आईला पाहून रडू लागले. त्यानंतर आम्ही दर पंधरा दिवसांनी त्याला आजीसह मुंबईला नेऊन आणण्याचा खर्च भिशीतून काढला. त्याच्या लसींबद्दलही सांगतो: घरातील रुग्ण मुलाची प्रतिकारशक्ती खाली असताना भावंडाला पोलिओचे थेंब द्यायचे की इंजेक्शन, हे तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि तसे आशाताईंना कळवून ठेवावे.

मुलगी घरी परतल्यावर दोन गोष्टींची तयारी हवी. पहिली म्हणजे ताप. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला की वाट पाहायची नसते, रात्रीचे तीन वाजले असले तरी निघायचे असते. गाडी असलेल्या सात जणांनी आठवड्यातील एकेक रात्र वाटून घेतली, फोन उशाशी ठेवला आणि जवळच्या रुग्णालयासाठी मुंबईच्या डॉक्टरांचे पत्र दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवले. दोन वर्षांत ती गाडी पाच वेळा निघाली. दुसरी म्हणजे कांजिण्या आणि गोवर. वर्गात किंवा इमारतीत कोणाला झाल्या तर त्याच दिवशी मुलीच्या घरी कळवावे, असे शाळेतील बाईंकडून आणि शेजाऱ्यांकडून कबूल करून घ्यावे. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, हेही याच वेळी स्पष्ट सांगावे. आमच्याकडे एका आजीबाईंनी नातवाला तिच्याशी खेळू दिले नव्हते. त्यांना बालरोगतज्ज्ञांशीच बोलायला लावले, तेव्हा पटले.

हमखास गुण देणाऱ्या औषधांचे निरोप मात्र मधल्या माणसानेच अडवावेत. काकांनी अशा प्रत्येकाला एकच उत्तर ठेवले होते: “डॉक्टरांना विचारून कळवतो.”

भिशी केव्हा थांबवायची आणि उरलेल्या पैशाचे काय करायचे, हे सुरुवातीलाच, सर्व काही अनिश्चित असताना, वहीच्या पहिल्या पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात, कारण वाईट घडले तर त्या घरासमोर हा विषय काढण्याचे धैर्य कोणात नसते. आम्ही लिहिले होते की शिल्लक कुटुंब सांगेल त्या दुसऱ्या मुलाच्या उपचाराला जाईल. उपचार संपले म्हणून हप्ता लगेच बंद करू नये. पहिल्या वर्षी तपासणीसाठी पुन्हा पुन्हा मुंबई गाठावी लागते आणि नेमके त्याच वेळी लोकांना वाटते की आता सगळे आटोपले. आम्ही दरमहाचा हप्ता ३०० वरून १०० रुपयांवर आणला आणि तो आणखी चौदा महिने चालू ठेवला. महालक्ष्मी एक्स्प्रेसची परतीची तिकिटे आणि दादरहून परळपर्यंतची टॅक्सी, एवढे त्यात भागत असे.